वर्गातले विज्ञानप्रयोग : मेणबत्ती, लंबक आणि सावली

पाण्याच्या ताटलीत पेटती मेणबत्ती उभी करायची आणि तिच्यावर काचेचा पेला उपडा घालायचा, हा शालेय विज्ञानातला बहुधा सर्वांत ओळखीचा प्रयोग. काही सेकंदांत ज्योत मिणमिणते, विझते आणि पाणी पेल्यात चढते. मग फळ्यावर अनुमान लिहिले जाते : ज्योतीने हवेतला ऑक्सिजन वापरला, हवेत ऑक्सिजन एकपंचमांश असतो, म्हणून पाणीही पेल्याच्या एकपंचमांश चढले. हे अनुमान पिढ्यान्‌पिढ्या वह्यांत उतरले आहे आणि ते चुकीचे आहे.

चूक ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, नीट बघावे लागते. ऑक्सिजन संपत गेल्यामुळे पाणी चढत असते, तर ज्योत जळत असताना ते हळूहळू चढले असते. प्रत्यक्षात ज्योत जळते तोवर पाणी जवळपास जागेवरच असते आणि ती विझल्यावर झपकन वर येते. पेला ठेवताना त्याच्या काठाखालून बुडबुडे सुटतात, तेही बारकाईने बघणाऱ्या मुलाला दिसतात. निर्णायक पुरावा मात्र पुढच्या पायरीत आहे. त्याच पेल्याखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवल्या की पाणी स्पष्टपणे अधिक उंच चढते. पेला तोच, हवा तेवढीच, ऑक्सिजनही तेवढाच. मग फरक कशाचा? उष्णतेचा. ज्योतीभोवतीची हवा तापून प्रसरण पावते, तिचा काही भाग निसटतो; ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. ज्योत सगळा ऑक्सिजन संपवतही नाही. ती विझते तेव्हा पेल्यात साधारण १६ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो, आणि जळालेल्या ऑक्सिजनची जागा काही अंशी कार्बन डायऑक्साइडने घेतलेली असते.

हवेतला एकपंचमांश भाग खरोखर मोजून दाखवायचा असेल, तर त्यासाठी गंज हा भरवशाचा मार्ग आहे. लोखंडी तारेचा बारीक लोकरीसारखा गोळा व्हिनेगरमध्ये बुडवून झटकायचा, परीक्षानळीच्या तळाशी घट्ट बसवायचा आणि नळी पाण्यात उपडी उभी करायची. एक-दोन दिवसांत लोखंड गंजते, पाणी चढत जाते आणि नळीतल्या हवेच्या सुमारे एकपंचमांश जागा व्यापून थांबते. तीन दिवस वाट पाहूनही ते पुढे सरकत नाही. उरलेल्या हवेत पेटती काडी नेली तर विझते. इथे उष्णतेचा घोळ नाही आणि ऑक्सिजनच्या जागी दुसरा वायूही येत नाही. स्वयंपाकघरातली चकचकीत घासणी मात्र चालत नाही. ती बहुधा न गंजणाऱ्या पोलादाची असते. रंगकामाच्या सामानाच्या दुकानात मिळणारे स्टील वूल लागते.

वर्गप्रयोगाबद्दल सांगण्यासारखे बहुतेक सगळे या मेणबत्तीत आलेले आहे. शाळेत प्रयोगाच्या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी चालतात. पहिली, शिक्षकाने टेबलावर करून दाखवायचे प्रात्यक्षिक, वर्ग बघतो. दुसरी, पडताळ्याचा प्रयोग. नियम आधी शिकवलेला असतो आणि तो ‘सिद्ध’ करून जर्नलमध्ये साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान या मथळ्यांखाली लिहायचा असतो. तिसरी, शोधाचा प्रयोग. इथे उत्तर मुलांना माहीत नसते. तिन्हींना वर्गात जागा आहे. सल्फ्युरिक आम्लाचा प्रयोग शिक्षकानेच करून दाखवावा आणि व्हर्नियर कॅलिपर वापरायला शिकताना माहीत असलेल्या मापाचा पडताळाच बरा. पण ज्या प्रयोगाचे उत्तर आधीच छापलेले आहे, त्यात मूल निरीक्षण करत नाही, छापील उत्तराशी जुळणारे तेवढेच बघते. मेणबत्तीचे पाणी उशिरा चढते हे लाखो मुलांच्या डोळ्यांसमोर घडले आणि फारच थोड्यांनी ते वहीत लिहिले, याचे कारण हेच. प्रयोग करणाऱ्याला तो खोटे पाडू शकेल एवढी मोकळीक त्यात असायला हवी.

हा विचार नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधल्या हेन्री आर्मस्ट्राँग या रसायनशास्त्रज्ञाने मुलांना शोधकाच्या जागी बसवून शिकवावे असा आग्रह धरला होता. साहित्याचा प्रश्न जगभर ऐरणीवर आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. युद्धात शाळा आणि प्रयोगशाळा बेचिराख झालेल्या देशांतल्या शिक्षकांसाठी जे. पी. स्टीफन्सन यांनी एक पुस्तिका लिहिली आणि युनेस्कोने ती १९४८ च्या सुमारास काढली. डबे, बाटल्या, तारा, बुचे यांतून उपकरणे कशी करावीत हे त्यात होते. तिचाच विस्तार होऊन १९५६ मध्ये युनेस्कोचे विज्ञानशिक्षकांसाठीचे जाडजूड साधनपुस्तक आले आणि अनेक भाषांत पोचले.

भारतातला सर्वांत मोठा प्रयत्न मध्य प्रदेशात झाला. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ मिडल स्कूलमध्ये किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सहावी ते आठवीचे विज्ञान प्रयोगांतून शिकवायला सुरुवात केली. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्हाभर गेला आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ने पुढे तो सांभाळला. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ खेड्यातल्या शिक्षकांबरोबर बसून धडे घडवत. विच्छेदनाच्या सुईऐवजी बाभळीचा काटा वापरावा, इतक्या बारीक गोष्टींपर्यंत विचार गेला होता. २००२ साली राज्य सरकारने कार्यक्रम बंद केला.

याच होशंगाबादला १९७८ मध्ये टेल्को कंपनीतला एक तरुण अभियंता रजा काढून गेला. ते अरविंद गुप्ता. आठवडी बाजारात मिळणारी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि काडेपेटीतल्या काड्या यांतून त्यांनी जोडणीचा खेळ तयार केला. ट्यूबच्या छोट्या तुकड्यात दोन्ही बाजूंनी काड्या खुपसल्या की लवचिक सांधा होतो. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन लगेच तिरका होतो. त्यात कर्णावर एक काडी बसवली की तोही ताठ. छपराची कैची, पूल आणि विजेचा मनोरा यांत त्रिकोण का असतात हे त्यानंतर वेगळे सांगावे लागत नाही. पुढे २००३ ते २०१४ या काळात गुप्ता पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र केंद्रातल्या मुक्तांगण विज्ञानशोधिकेत होते आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. महाराष्ट्रात याच काळात आणखी दोन धारा वाहत होत्या. १९७४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या ग्रामीण शाळांत काम केले. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला. तिथे मुले वेल्डिंग, वायरिंग, कलमे बांधणे अशी गावाला उपयोगी पडणारी कामे करतात आणि त्यातून विज्ञान शिकतात.

प्रयोगाआधी भाकीत लिहून घेणे ही वर्गातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित पायरी. ‘काय होईल असे वाटते आणि का?’ हे प्रत्येकाने वहीत लिहायचे, मग प्रयोग करायचा, मग भाकीत आणि घडलेले यांतला फरक समजावायचा. ऑस्ट्रेलियातल्या रिचर्ड व्हाइट आणि रिचर्ड गनस्टन यांनी ही पद्धत नीट मांडली. भाकीत तोंडी विचारले की हुशार समजल्या जाणाऱ्या दोघा-तिघांचे उत्तर वर्गाचे होऊन जाते. म्हणून ते लेखी हवे. मुले कोऱ्या पाटीने वर्गात येत नाहीत. जड वस्तू लवकर पडते, झाड माती खाऊन वाढते, उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो, अशा समजुती घेऊनच येतात आणि परीक्षेपुरते वेगळे उत्तर पाठ करून त्याच समजुतींसह बाहेर पडतात. १९८७ साली केलेल्या ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ या माहितीपटात हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदानाच्या वेळी २३ जणांना ऋतू किंवा चंद्राच्या कला का होतात ते विचारले गेले. २१ जणांचे उत्तर चुकले. वास्तविक पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे हार्वर्डच्या ऐन हिवाळ्यात.

भाकिताची ताकद पाहायची तर एक टॉर्चचा बल्ब, एक सेल आणि तारेचा एकच तुकडा देऊन ‘दिवा लावा’ एवढेच सांगावे. मोठ्यांचाही पुष्कळ वेळ जातो. बल्बला दोन टोके असतात, एक बुडाशी आणि एक त्याच्या धातूच्या अंगाला, हे आकृतीत शंभरदा पाहिलेले असते. हातात आल्यावरच ते कळते. या धड्याला एलईडी वापरू नये. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात, दीड व्होल्टच्या एका सेलवर तो पेटत नाही, आणि उलटा जोडला तर कितीही सेल लावले तरी पेटत नाही. विद्युतमंडल म्हणजे काय हेच अजून उमगलेले नसताना ही दोन कोडी मध्ये आणली तर मुले हताश होतात. मंडल समजल्यावर, दुसऱ्या दिवशी, हाच एलईडी फार उपयोगाचा.

लंबकाचा प्रयोग मात्र सावकाश करण्यासारखा आहे, कारण एका दोऱ्यात आणि एका नटमध्ये प्रायोगिक विज्ञानाचा निम्मा अभ्यासक्रम सामावतो. दोऱ्याला लोखंडी नट बांधून तो दारावरच्या खिळ्याला टांगायचा आणि झोका द्यायचा. प्रश्न एकच : झोका लवकर किंवा उशिरा होणे कशावर ठरते? वर्गातून तीन उत्तरे येतात. वजनावर, दोऱ्याच्या लांबीवर, झोका किती लांबून सोडला त्यावर. बहुतेकांचा कौल वजनाला जातो. आता हे ठरवायचे कसे? काही गट उत्साहाने दोन नट बांधतात आणि त्याच वेळी दोराही बदलतात. मग उत्तर येते, पण ते कशाचे हे सांगता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकीच्या तशाच ठेवायच्या, हा नियम पुस्तकात वाचण्यापेक्षा अशा फसलेल्या तुलनेतून जास्त पक्का होतो. शिक्षकाने तो आधी सांगून टाकण्याची घाई करू नये.

मग मोजमापाचा प्रश्न येतो. एक झोका मोजायला गेले तर घड्याळाचे बटण दाबण्यातलीच चूक मोठी ठरते. वीस झोके मोजून वीसने भागले की ती चूक वाटली जाते. सोडताना ‘शून्य’ म्हणायचे की ‘एक’? एक मीटर दोऱ्याच्या वीस झोक्यांना ४० सेकंद लागायला हवेत. एखाद्या गटाचे ३८ येत असतील तर त्यांनी बहुधा सोडतानाच ‘एक’ म्हटलेले असते आणि झोके एकोणीसच झालेले असतात. दोऱ्याची लांबी खिळ्यापासून नटच्या मध्यापर्यंत मोजायची, गाठीपर्यंत नाही. नट एक असो वा तीन, वेळ बदलत नाही, हे पाहून वर्गात कुजबुज होते. कौल हरलेला असतो. मात्र तीन नट एकाखाली एक लोंबकळत ठेवले तर मध्य खाली सरकतो आणि वेळ थोडा वाढतो. मग ‘वजनाचा परिणाम होतो’ असे म्हणणारा गट उभा राहतो आणि त्याच्याशी वाद घालताना लांबी म्हणजे नक्की काय याचा उलगडा होतो. असा गट निघालाच नाही तर शिक्षकाने मुद्दाम तसे करून पाहावे.

लांबीचा परिणाम शोधायला कोणतीही मापे चालतात, पण शिक्षकाने १६, २५, ३६, ४९, ६४, ८१ आणि १०० सेंटिमीटर अशी मापे गटांत वाटून द्यावीत. वीस झोक्यांचे वेळ अनुक्रमे १६, २०, २४, २८, ३२, ३६ आणि ४० सेकंदांच्या आसपास येतात. फळ्यावर हे आकडे शेजारी शेजारी लिहिले की कोणीतरी ओरडतेच : चारचा पाढा! लांबीचे आकडे वर्गसंख्या आहेत हे लक्षात यायला थोडा अधिक वेळ लागतो. वर्गमुळाचा नियम मुलांच्याच आकड्यांतून असा समोर येतो, सूत्र नंतर येते. झोका किती लांबून सोडला याचा परिणाम नाही, असे पाठ्यपुस्तक म्हणते. तेही पूर्ण खरे नाही. दोरा उभ्या रेषेपासून ६० अंशांवर नेऊन सोडला तर वेळ सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. हा फरक एखाद्या गटाला सापडला तर त्याला चूक ठरवू नये; तो गट पुस्तकाच्या पुढे गेलेला असतो.

रसायनशास्त्रासाठी स्वयंपाकघर पुरते. गाळणकागदाच्या किंवा साध्या टिपकागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवल्या की दर्शक तयार. साबणाच्या, धुण्याच्या सोड्याच्या किंवा चुन्याच्या पाण्यात पट्टी लालसर तपकिरी होते. शर्टावर पडलेला आमटीचा डाग साबण लावताच लाल का होतो, हे घरोघर पाहिलेले असते. प्रश्न कोणी विचारलेला नसतो. पण हीच पट्टी लिंबाच्या रसात पिवळीच राहते आणि साध्या पाण्यातही पिवळीच. म्हणजे हळदीला लिंबू आणि पाणी यांतला फरक कळत नाही. मग काय करावे, हा प्रश्न वर्गावर सोपवला तर दोन उत्तरे येऊ शकतात. एक, आधी साबणाने लाल केलेली पट्टी वापरावी. ती लिंबाने पुन्हा पिवळी होते, पाण्याने होत नाही. दुसरे, दुसरा दर्शक शोधावा. जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क आम्लात गडद गुलाबी आणि आम्लारीत हिरवट होतो. गोकर्णाची निळी फुले आणि जांभळाचा रसही रंग बदलतात. लाल आणि निळा असे दोन लिटमस का ठेवतात, याचे कारण इथे आपोआप कळते. एखादे मूल कुंकवाचा दाखला देईल. पारंपरिक कुंकू हळकुंडांना टाकणखार आणि लिंबाचा रस लावून करत, आणि लिंबू असूनही ते लालच राहते. तिथे टाकणखारातल्या बोरॉनचे हळदीच्या रंगद्रव्याशी वेगळेच संयुग बनते. साबणाच्या लाल रंगाशी त्याचा संबंध नाही.

जीवशास्त्रातले प्रयोग रटाळ होतात ते वेळेअभावी. बी रुजायला दिवस लागतात आणि तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची असते. त्यावर उपाय म्हणजे प्रयोग खिडकीत ठेवून रोज दोन मिनिटे नोंद घेणे. पट्टीला वर, मध्ये आणि खाली एकेक दाणा बांधून ती पेल्यात अशी उभी करायची की मधला दाणा पाण्याच्या पातळीवर येईल. हा जुना प्रयोग चांगला आहे, पण एकेका दाण्यावर भिस्त ठेवू नये. एखादा दाणा मुळातच किडका असतो. प्रत्येक स्थितीत दहा दाणे घेतले की ‘दहापैकी किती’ अशी भाषा येते. बुडालेले दाणे फुगतात, काही कोंबही दाखवतात आणि मग कुजतात, कारण त्यांना हवा मिळत नाही. मटकीला मोड आणताना रात्रभर भिजवून सकाळी पाणी काढून टाकतात आणि मग फडक्यात बांधतात. पाणी का काढायचे, हे घरी आईला किंवा आजीला विचारून येण्याचा गृहपाठ या धड्याला शोभतो. पिष्टाची आयोडिन चाचणी, चुन्याच्या निवळीत नळीने फुंकल्यावर येणारा दुधी रंग, पाण्याच्या थेंबाचे भिंग, जोड्याच्या खोक्याचा सूचिछिद्र कॅमेरा हे सगळे पाठ्यपुस्तकांतल्या ‘करून पहा’च्या चौकटींत भेटतात आणि एकेका तासात होतात.

काही प्रयोगांना एक वर्ष लागते आणि तेच सर्वांत जास्त शिकवतात. मैदानात एक मीटर काठी ओळंबा लावून सरळ उभी करायची आणि साडेअकरापासून दीडपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा. सर्वांत आखूड सावली बरोबर उत्तरेकडे (किंवा क्वचित दक्षिणेकडे) असते. शुल्बसूत्रांच्या काळापासून दिशा साधण्यासाठी शंकूची सावली वापरात आहे. मुलांचे भाकीत असते की ती बाराला आखूड होईल. पुण्यात ती सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांनी होते, कारण घड्याळ ८२.५ अंश रेखावृत्ताचे आहे आणि पुणे त्याच्या पश्चिमेला. वर्षभरात हा क्षण नोव्हेंबरच्या आरंभी सव्वाबाराच्या जवळ, तर फेब्रुवारीच्या मध्याला पावणेएकच्या पुढे जातो. हीच मध्यान्हीची सावली पुण्यात २२ डिसेंबरला सुमारे ९० सेंटिमीटर, २१ मार्चला ३३ सेंटिमीटर आणि मेच्या मध्याला शून्य असते. २१ जूनला ती दक्षिणेकडे आठ-नऊ सेंटिमीटर पडते. ऋतू सूर्याच्या अंतरामुळे होत नाहीत, किरणांच्या तिरपेपणामुळे होतात, हे हार्वर्डच्या पदवीधरांना न सुचलेले उत्तर त्या खड्यांच्या ओळीत आहे. शून्य सावलीचा दिवस महाराष्ट्रात आणि गोव्यात सगळीकडे वर्षातून दोनदा येतो. दुर्दैवाने पहिल्यांदा शाळेला सुटी असते आणि दुसऱ्यांदा आभाळ भरलेले.

दोन गावांच्या शाळांनी एकाच दिवशी ही सावली मोजली तर पृथ्वीचा परीघ हाती येतो. २१ मार्चला मध्यान्ही एक मीटर काठीची सावली कोल्हापुरात ३० सेंटिमीटर आणि नागपुरात जवळपास ३९ सेंटिमीटर भरते. कोनांतला फरक साडेचार अंशांच्या आत-बाहेर, आणि नकाशावरचे उत्तर-दक्षिण अंतर (सरळ रेषेतले नव्हे) सुमारे ४९५ किलोमीटर. पूर्ण वर्तुळाचा हिशेब केला की ४०,००० किलोमीटरच्या जवळपासचा आकडा येतो. प्राचीन ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसने इजिप्तमध्ये हेच केले होते. सावलीच्या मापात एका सेंटिमीटरची चूक झाली तर उत्तर दहा टक्क्यांहून अधिक ढळते, हेही मुलांना करून दाखवता येते.

पावसाळ्यात हाच धीर पर्जन्यमापकाला हवा. प्लॅस्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा बसवला की नरसाळे होते. बाटलीचा तळ खाचांचा असतो. तिथे खडे टाकून सरळ भिंतीपर्यंत पाणी भरायचे आणि तिथे शून्याची खूण करायची. नोंद रोज सकाळी साडेआठला घ्यायची, कारण हवामान खात्याची चोवीस तासांची मोजणी त्याच वेळी होते आणि तुलना करता येते.

चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात हे सगळे बसवायचे तर चौघांचा गट बरा. पाच झाले की एकजण हात बांधून बसतो. साहित्य हाताळणारा, मोजणारा आणि लिहिणारा या भूमिका दर प्रयोगाला बदलाव्यात. नाहीतर मुली लिहितात आणि मुले तारा जोडतात, अशी वाटणी कोणी न ठरवता पक्की होते. नोंद पेनने घ्यावी. चुकलेला आकडा खोडायचा असेल तर एक आडवी रेघ मारावी, खाली वाचता येईल अशी. प्रयोग फसला तर तो का फसला याचा शोध घ्यायला वेळ ठेवावा. सेल, दोन सेफ्टी पिना, चुंबक आणि इनॅमलच्या तारेचे वेटोळे यांची छोटी मोटर फिरली नाही तर कारण बहुधा एकच असते : तारेच्या एका टोकाचे इनॅमल पूर्ण आणि दुसऱ्याचे फक्त अर्ध्या बाजूचे खरवडायचे असते, आणि मुलांनी दोन्ही टोके स्वच्छ करून टाकलेली असतात. मग वेटोळे फिरण्याऐवजी थरथरत राहते. अर्धेच का खरवडायचे, हा प्रश्न न फिरणाऱ्या मोटरमुळेच पडतो.

सुरक्षिततेचे नियम थोडे आहेत, पण त्यांना अपवाद नाही. घरातल्या विजेच्या खटक्याशी कोणताही प्रयोग करायचा नाही. सेलवरच काम भागवायचे. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीही नाही. भिंगातून किंवा दुर्बिणीतून सूर्याकडे बघायचे नाही. पाऱ्याचा तापमापक फुटला तर पारा हाताने गोळा करायचा नाही. प्रयोगाच्या टेबलावर कशाचीही चव घ्यायची नाही, लिंबाचीसुद्धा. पानाच्या चुन्याची पुडी किंवा नळी घरगुती वाटते म्हणून मुलांच्या हाती सहज दिली जाते. चुना डोळ्यात उडाला तर बुबुळ भाजते आणि दृष्टी जाऊ शकते. तो शिक्षकानेच हाताळावा, आणि उडालाच तर भरपूर पाण्याने डोळा सतत धूत थेट डॉक्टरकडे न्यावे.

परीक्षेत जे विचारले जाते तेच वर्गात टिकते. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात १०० पैकी २० गुण प्रात्यक्षिक कामाला असतात आणि ते बहुतेकांना मिळतातही; जर्नल एकाने लिहायचे आणि बाकीच्यांनी उतरवायचे, हा प्रकार त्यामुळेच बोकाळला. मुंबईच्या विज्ञान अध्यापक मंडळाच्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेनंतर निवडलेल्या मुलांना प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवावा लागतो. हा मार्ग चांगला, पण तो निवडक मुलांपुरता. होशंगाबादने तो सगळ्यांसाठी घातला होता. तिथली प्रात्यक्षिक परीक्षा वेगळी असे आणि लेखी परीक्षेला पुस्तक व वही दोन्ही उघडी ठेवायची मुभा होती. ‘बाल वैज्ञानिक’ या पाठ्यपुस्तकात प्रयोग आणि प्रश्न छापलेले होते, उत्तरे छापलेली नव्हती. ती ज्याची त्याने आपल्या वहीत लिहिलेली असत.